सपाट रेघ

ध्येयदर्शक यंत्राच्या खोलीत कस्तुरी आवटी ताठ बसली होती, आणि समोरच्या पडद्यावर तिचं पुढचं आयुष्य एका सपाट रेघेत संपलं होतं.

इतरांच्या रेघा अशा नसत. मिरजेच्या त्या मोठ्या रुग्णालयात दरवर्षी ध्येय-सप्ताह भरे आणि प्रत्येक परिचारिका, तंत्रज्ञ, डॉक्टर या खोलीत येऊन बसे. पडद्यावर रेघ उगवे, चढत चढत एखाद्या विभागाच्या नावाला जाऊन टेके, आणि माणूस पेढे आणायला बाहेर पडे. पुढच्या प्रशिक्षणाची जागा त्या नावाप्रमाणे मिळे. पूर्वी मुलाखतीत साहेब विचारत, ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?’ आणि माणसं साहेबाला आवडेल ते ठोकून देत. त्या थापांना कंटाळून हे यंत्र आणलं होतं.

कस्तुरी अतिदक्षता विभागातली सिस्टर. सपाट रेघेचा अर्थ तिला कुणी शिकवायला नको होता. पेशंटच्या मॉनिटरवर असली रेघ दिसली की काय होतं, नातेवाइकांना कोण बाहेर नेतं, पलंगाभोवतीचा पडदा कोण ओढतं, हे सगळं तिच्या अंगवळणी पडलेलं. यंत्र पुढचं आयुष्य दाखवतं आणि तिच्या पुढे काहीच नाही, तर त्याचा अर्थ एकच.

बाहेर ओवी हेरवाडे पेढ्यांचा पुडा घेऊन उभी होती. तिला सकाळीच ‘डायलिसिस’ मिळालं होतं.

“काय आलं गं?”

“रेघ,” कस्तुरी म्हणाली. “सपाट.”

ओवीचा चेहरा उतरला. तीही सिस्टरच, तिलाही तोच अर्थ कळला. ओवी सांगेल त्याचं ऐकणारी मुलगी. आई म्हणाली म्हणून नर्सिंगला आली, मेट्रनबाई म्हणाल्या म्हणून सगळ्यांच्या वाटच्या रात्रपाळ्या केल्या, आणि कॅन्टीनमध्ये कस्तुरी मागवेल ते मुकाट्याने खाल्लं. कस्तुरीचं सगळं उलटं. तिला घरी ‘जेव’ म्हणायचीसुद्धा सोय नव्हती, म्हटलं की भूक मरायची.

“बागवान मॅडमना जाऊन भेट,” ओवी रडवेल्या आवाजात म्हणाली. “मी येऊ का?”

“नको.”

डॉ. नसीम बागवान या यंत्राच्या कर्त्या. वरच्या मजल्यावर त्यांची प्रयोगशाळा होती. कस्तुरी आत गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “मॅडम, मला किती दिवस आहेत तेवढं सांगा. घरी आई एकटी आहे. तिची सोय लावायला पाहिजे.”

बागवानबाईंनी चष्मा काढला. “कसले दिवस?”

कस्तुरीने रेघेचं सांगितलं. बाईंना हसू फुटलं, पण समोरच्या पोरीचे ओठ पांढरे पडलेत हे पाहून त्यांनी ते गिळलं आणि खुर्ची पुढे सरकवली. “बस आधी. तुझ्या विभागात मॉनिटरवर सपाट रेघ दिसली तर तू पहिल्यांदा काय करतेस?”

“पेशंटकडे बघते. आणि तारा तपासते. पुष्कळदा नुसती तार निघालेली असते.”

“नवीन मुलींना हेच शिकवतेस ना? मग स्वतःची रेघ दिसल्यावर?”

कस्तुरीने ना पेशंटकडे पाहिलं होतं, ना तारांकडे. थेट पडदा ओढून मोकळी झाली होती.

“आता ऐक,” बाई म्हणाल्या. “तुझ्या इतक्या वर्षांच्या कामावरून आम्ही तुझं मनोप्रतिरूप करतो. म्हणजे तुझ्यासारखे निर्णय घेणारी, यंत्रातली तू. तिला पुढची वर्षं जगायला लावायचं आणि ती कुठे पोचते ते बघायचं. सोपं वाटतं ना? पण एक मेख आहे. आम्ही तुला भाकीत सांगणार. ते ऐकून तू वेगळी वागलीस तर भाकीत खोटं.”

“मग?”

“मग यंत्र तेच भाकीत आधी प्रतिरूपाच्या कानावर घालतं आणि पुन्हा जगायला लावतं. ऐकूनही ती तेच करत असेल, तर ते स्थिर उत्तर. आम्ही फक्त स्थिर उत्तर जाहीर करतो.”

“आणि माझं?”

बाईंनी पडद्यावर तिची फाईल उघडली. “तुझ्या प्रतिरूपाला ‘शस्त्रक्रिया’ सांगितलं, ती वेदनाशमनाकडे गेली. ‘वेदनाशमन’ सांगितलं, तर गावोगाव फिरणाऱ्या पथकात. ‘पथक’ म्हटलं, तर अध्यापनात. आमच्याकडे आहेत नाहीत तेवढे विभाग यंत्राने सांगून पाहिले. पण या प्रतिरूपबाई एकाही सांगितलेल्या जागी टिकल्या नाहीत. शेवटी यंत्राने हात टेकले. ती रेघ म्हणजे त्याचे टेकलेले हात. तुला काहीही झालेलं नाही. सगळ्या वाटांवर तू म्हातारी होतेस, आणि खडूस होतेस.”

कस्तुरीला एकदम रडू आलं. तिने ते येऊ दिलं. आपण जगणार आहोत ही बातमी इतकी मोठी असते हे तिला कधी कळलंच नव्हतं. इतरांना ती रोज सांगायची. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

“मग माझी प्रशिक्षणाची जागा?” नाक पुसत तिने विचारलं.

“नियम आहे. ज्याचं उत्तर स्थिर होत नाही, त्याने स्वतः निवडायचं. आजवर कुणाला लागला नाही.”

कस्तुरी दारापर्यंत गेली आणि थांबली. “ओवीचं ‘डायलिसिस’ मात्र पहिल्या झटक्यात आलं?”

बाई जरा घुटमळल्या. “ओवीची सगळीच उत्तरं स्थिर होती.”

“सगळी म्हणजे?”

“तिच्या प्रतिरूपाला जे सांगावं ते ती आयुष्यभर मनापासून करते. बऱ्याच जणांचं असंच होतं. कुठलंही भाकीत खरंच ठरतं.”

“मग त्यातून डायलिसिसच का?”

“जिथे माणसं कमी आहेत, तो विभाग यंत्र आधी उचलतं,” बाई खाली बघत म्हणाल्या. “कुणी बदलून मागितलं तर देतो. मागत कुणी नाही.”

मागतील कसे, कस्तुरीच्या मनात आलं. मागणारे असते तर त्यांची उत्तरं स्थिर झालीच नसती. तिला यंत्राचा संताप आला, आणि ओवीचाही थोडा आला. पण आजच्या दिवशी राग फार वेळ टिकण्यासारखा नव्हता.

ओवी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून होती. डोळे सुजलेले.

“मरत नाही मी,” कस्तुरी म्हणाली. ओवी तिच्या गळ्यात पडली. तिचं रडून होईपर्यंत कस्तुरी थांबली आणि मग तिने विचारलं, “ओवी, यंत्राने डायलिसिस सांगायच्या आधी तुला कुठं जावंसं वाटत होतं?”

“मला?” ओवी गोंधळली. हा प्रश्न तिला कधी कुणी विचारला नव्हता. “नवजात विभागात. कमी दिवसांची बाळं असतात ना, तिथं. एकदा बदली ड्यूटीला गेले होते, तर एकाने माझं बोट धरलं होतं. पण आता त्याचं काय.”

आधी तिला सगळं समजावून सांगावं असं कस्तुरीला वाटलं. पण ओवी सगळ्याला मान डोलावेल आणि उद्या डायलिसिसला जाऊन उभी राहील हेही तिला स्पष्ट दिसलं. भेटीची वेळ संपल्याचं नातेवाइकांना ज्या आवाजात सांगायची, तो आवाज तिने काढला.

“तू नवजात विभागात जाणार आहेस.”

“असं कुणी सांगितलं?”

“यंत्राच्या उत्तरांत तेही आहे. बागवान मॅडमना विचार.”

“खरंच?”

“खरंच,” कस्तुरी म्हणाली, आणि ते खरंच होतं.

ओवीच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओझं उतरलं. ओझं होतं हेसुद्धा कस्तुरीला आत्ताच कळलं. “बरं झालं बाई,” ओवी म्हणाली. “मग मेट्रनबाईंना लगेच सांगून येते.” ती उठून निघालीसुद्धा, पण दारातून मागे वळली. “आणि तू गं? तू कुठं जाणार?”

“मला कुणी सांगितलेलं नाही,” कस्तुरी म्हणाली, आणि तिला मनापासून हसू आलं.