पातळ न होणारा नमुना

त्या काळी धूळबंद खोलीत शिरायला दोन दारं ओलांडावी लागत, आणि हवेचा दाब जुळल्याशिवाय आतलं दार उघडत नसे. तिथे नमुने तपासणाऱ्या बाईला सगळी प्रयोगशाळा मावशी म्हणायची. त्या दुपारी मात्र ती खरोखरीची मावशी म्हणून आत शिरली होती. हातात सख्ख्या भाच्याच्या लघवीचा नमुना होता.

भाचा तीन आठवडे अंथरुणाला खिळलेला. दवाखान्याच्या तपासणीत सोमल, म्हणजे आर्सेनिक, निघाला, आणि ताईने थेट सुनेवर बोट ठेवलं. "तुझं यंत्र एकदा हो म्हणू दे, मग पोलिसांतच जाते."

मावशीचा त्या पोरीवर जीव होता. शिवाय दवाखान्याचं कुठे चुकलं असणार, तेही तिला ठाऊक होतं. नमुन्यातल्या मिठाचा क्लोरीन अणूंचं वजन करणाऱ्या यंत्राच्या ज्योतीतल्या आरगॉनला चिकटतो, आणि त्या जोडीचं वजन नेमकं सोमलाइतकं भरतं. मध्ये हेलियम सोडला, की खोटी जोडी मागे पडते.

तिने हेलियम सोडला. पडद्यावर सोमलाचा आकडा आधी होता तोच, एक्केचाळीस. तसूभर हलला नाही.

मग नमुना दहापट पातळ केला. एक्केचाळीस.

शंभरपट. एक्केचाळीस.

"मावशी, यंत्राने हट्ट धरलाय वाटतं!" काचेपलीकडून यंत्रं दुरुस्त करणारे काका स्पीकरवर म्हणाले.

"थट्टा पुरे. नुसतं शुद्ध पाणी लावते."

शुद्ध पाण्यातही एक्केचाळीस.

"बाहेर या बघू." काकांचा आवाज उतरला होता. "ज्योत मी केव्हाच विझवलीय."

ती दाराशी गेली. दाबाचा काटा जागचा हलेना. पलीकडून काकांनी खांदा लावला, लाथा घातल्या. दार ढिम्म. आत कुठूनसा सोमलाच्या वाफेचा लसणासारखा वास येऊ लागला. जीभ कोरडी पडली.

पडद्यावर एक्केचाळीस.

ती आकड्याशी भांडल्यासारखी ओरडली, "सोड त्या पोरीला! हवं तर मला धर!"

आकडा शून्य झाला.

दार उघडलं.

बाहेर फोन वाजत होता. "अगं, उठून बसलाय!" ताई हसत-रडत सांगत होती. "भूक लागली म्हणतोय. डॉक्टर म्हणाले, आमचीच तपासणी चुकली. मी बाई सुनेचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवलेत."

"बरं झालं," म्हणत मावशीने हातमोजे काढले.

सोमल अंगात भिनला की नखांच्या मुळाशी आडवी पांढरी रेघ उमटते, आणि नखाबरोबर वर सरकायला तिला महिनेच्या महिने लागतात, हे तिनेच कितीतरी जणांना शिकवलं होतं.

हातमोजे चढवताना कोऱ्या असलेल्या तिच्या दहाही नखांवर रेघ होती. पार मधोमध.