शेपूट कापा, संख्या तपासा

"थांबा! छिन्नी मारू नका!"

भिंगरी अशी आत घुसली, की पाथरवटकाकांचा हातोडा हवेतच राहिला. मागून मामेभाऊ धापा टाकत आला. त्याला हळू बोलता येत नसे, म्हणून सगळे त्याला तोफ म्हणत.

समोर दगडी बाकाची पाठ उभी होती. भिंगरीची आई शाळेत गणित शिकवायची. ती गेल्याला वर्ष झालं होतं आणि संध्याकाळी हे बाक शाळेच्या अंगणात बसणार होतं. आईच्या नावाखाली तिची लाडकी संख्या खडूने आखली होती: ७३१३९१३३. पहिले दोन अंक कोरून झाले होते. तिथेच उभ्या असलेल्या मामाने फोटो पाठवला, तो पाहूनच भिंगरी धावत सुटली होती.

"मामा, ही आईची संख्या नाही! मला ती तोंडपाठ नाही, पण यात काहीतरी चुकलंय!"

"अगं, तिच्या वर्गातल्या फळ्यावरून मीच उतरवली. अर्धवट पुसली होती, पण दिसत होती की!"

"मग चला, परत बघू!"

मामाने कान खाजवला. "फळ्याला कालच रंग दिला. आणि एवढ्या आकड्यांत एखादा इकडचा तिकडे झाला, तर कोण मोजतंय?"

"आई मोजायची!" भिंगरी म्हणाली. मग तिने आवाज सावरला. "आम्ही खेळायचो. आईच्या संख्येचं शेपूट कापायचं, म्हणजे शेवटचा अंक पुसायचा. कितीही वेळा कापा, उरेल ती मूळ संख्याच! एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जाणार नाही."

"बघू या की!" तोफ गरजला. दोघं फरशीवरच्या दगडाच्या भुकटीत बोटाने गणितं करू लागली.

"सात, मूळ. त्र्याहत्तर, मूळ. सातशे एकतीस..."

"सतरा गुणिले त्रेचाळीस!" तोफ ओरडला. "सापडला चोर! तिसरा अंक चुकलाय!"

"पण तिथे कोणता हवा?" मामा आता उकिडवा बसला होता.

"सम अंक आणि पाच बाद. सात घातला तर अकराने भाग जातो. उरले तीन आणि नऊ."

"तीन घाला! सातशे तेहेतीस मूळ आहे!" मामा उत्साहाने म्हणाला.

"पुढेही कापून बघा ना, मामा! ७३३३९ला सातने भाग जातो."

"पूर्ण?"

"बाकी शून्य!" तोफेच्या आवाजाने भुकटी उडाली.

"म्हणजे नऊ," मामा पुटपुटला. "नऊचा वरचा भाग पुसला गेला असणार आणि मी एक लिहिला! पोरांनो, वाचवलंत रे. दगडावरचं पुसता आलं नसतं."

पाथरवटकाकांनी खडूचा एक पुसून तिथे नऊ आखला. "माझं आयुष्य दगडावर नावं कोरण्यात गेलं, पण आपली चूक आपणच सांगणारा आकडा आज पाहिला. शाबास! कोरू का आता?"

मामाने मान डोलावली. भिंगरी मात्र पुन्हा भुकटीत मांडी घालून बसली होती.

"थांबा, काका. नऊ घालून सगळी शेपटं कापून बघते. पडताळा केल्याशिवाय आई मार्क द्यायची नाही."