आईच्या पत्रातली चार खोटी वाक्यं

"या पत्रात चार खोटी वाक्यं आहेत. ते साठवता येणार नाही," जतन म्हणाला.

जतन हा चंद्रावरच्या वसाहतीतला यंत्रमानव. स्मृतिभांडारात (जुनी कागदपत्रं कायमची जपण्याची जागा) काय ठेवायचं ते तोच ठरवी. जागा थोडी होती, म्हणून फक्त खरी माहिती घ्यायची असा त्याचा नियम होता. नाकारलेलं सगळं संध्याकाळी पुसलं जाई.

दहा वर्षांच्या केतकीने आजोबांकडे पाहिलं. आजोबा, म्हणजे अच्युत परुळेकर, चंद्राच्या मातीचे शास्त्रज्ञ. लहानपणी ते वेंगुर्ल्याहून दूर शिकायला गेले, तेव्हा वसतिगृहात फोनला बंदी होती. त्यांची आई दर आठवड्याला पत्र लिही. मूळ कागद केव्हाच वाळवीने खाल्ले. उरली होती एका पत्राची ही प्रत.

"कुठली चार?" आजोबांनी शांतपणे विचारलं.

जतनने वाचलं, "'धाकटीचे गाल भाकरीसारखे फुगलेत.' गाल पिठाचे नसतात."

"आई गाल पिठाचे आहेत असं म्हणत नाही. ती तुलना करते. 'सारखे' हा शब्द बघ. ही उपमा (एक गोष्ट दुसरीसारखी आहे असं सांगणं)."

"'तुझं पत्र हाच माझा सण.' पंचांगात असा सण नाही."

"इथे 'सारखा' गळला. दोन गोष्टी एकच मानल्या. याला रूपक म्हणतात."

"'तू गेल्यापासून झोपाळा रुसून बसलाय.' लाकूड रुसत नाही."

त्या झोपाळ्यावर आई आजोबांचे पाढे घ्यायची. चुकलं की पायाने झोका थांबवायची. केतकीला त्यांचा उतरलेला चेहरा दिसला, म्हणून तीच पुढे झाली.

"झोपाळ्यावर कुणी बसत नव्हतं. तो हलत नव्हता. म्हणून पणजीला तो रुसलेल्या माणसासारखा वाटला."

"बरोबर. चेतनगुणोक्ती (निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं सांगणं)," आजोबा हळूच म्हणाले.

"चौथं," जतन म्हणाला. "'मी इतकी रडले की विहिरीचं पाणी एक पायरी वर आलं.' हे अशक्य आहे."

"अतिशयोक्ती (मुद्दाम फुगवून सांगणं)," आजोबा म्हणाले. "जतन, मातीचं तापमान मी तापमापकाने मोजतो. मुलाची आठवण मोजायला आईकडे काय होतं? विहीर होती, झोपाळा होता. त्यांच्यावरूनच तिने आठवण मोजून दाखवली."

जतनने पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"मग या पत्रात खरं काय आहे?"

"तिला मी हवा होतो," आजोबा म्हणाले. "आणि मला ती. पण मी उत्तरात फक्त परीक्षेचे गुण कळवत असे."

जतनने पत्र साठवलं. खाली त्याने नवी नोंद केली : 'शब्द वस्तुस्थितीशी जुळत नसले, तरी भाव खरा.'

ही बातमी वसाहतीत पसरली. दुसऱ्या दिवशी भांडारासमोर माणसं जमली. कुणाच्या हातात अंगाईची वही होती, कुणाच्या हातात बहिणीचं भांडखोर पत्र. जतनने केतकीसाठी आपल्या शेजारी एक खुर्ची मांडली.

"मला अजून सगळं ओळखता येत नाही," तो म्हणाला. "अडलं तर सांगशील?"

केतकी खुर्चीवर बसली आणि तिने पहिली वही उघडली.