तीन कोऱ्या चौकटी

कॅमेऱ्यावरच्या आकड्याच्या खिडकीत दोन होता.

हंसाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोनच. वहीत मात्र सोमवारच्या ओळीत बाबांच्या अक्षरात एकोणीस लिहिलं होतं.

बाबा जाऊन चार दिवस झाले होते. मंगळवारी सकाळी शेजारच्या दामूकाकांना ते वाडीत, कॅमेऱ्यापासून दहा पावलांवर पडलेले दिसले. हंसा नाशिकहून पोचली तेव्हा दुपार झाली होती. तेव्हापासून तिला रडू आलं नव्हतं. भांडी घासून होत होती, दिवा लावून होत होता. आज पाऊस जरा उघडला म्हणून पोफळीच्या बुंध्याला बांधलेला कॅमेरा तिने सोडून घरात आणला होता, एवढंच.

बाबांनी, म्हणजे गावाच्या एकनाथ मास्तरांनी, केळव्याच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. गेल्या साली बायको गेली आणि ते वाडीत एकटे उरले. उन्हाळ्यात दामूकाकांची माडाची नवी रोपं रात्रीतून मुळाशी कुरतडलेली सापडू लागली. डुक्कर, असं दामूकाका म्हणाले. मास्तर म्हणाले, आधी बघू तरी कोण आहे ते. पुतण्याने मस्कतहून आणलेला, रोल आपोआप पुढे सरकवणारा कॅमेरा त्यांनी पत्र्याच्या टोपीखाली बसवला. जमिनीलगत दोरी ताणली. दोरीला पाय लागला की लाकडी पट्टी बटण दाबायची आणि फ्लॅश उडायचा.

डुक्कर नव्हतंच. साळिंदर होतं. फोटोत त्याची वाट सुद्धा कळत होती: कुंपणाखालून, विहिरीला वळसा घालून, थेट रोपांकडे. मास्तरांनी तो फोटो मोठा करून दामूकाकांना दिला होता. मग छंदच लागला. कांडेचोर नावाचं उदमांजर, मुंगूस, कोल्हा. रोज संध्याकाळी वहीत आकडा आणि ठेवलेलं आमिष, सकाळी पुन्हा आकडा.

एकोणिसाचे दोन कसे झाले?

"बाय, हाईस का घरात?"

दारात मंगळी उभी होती. ती आणि तिचा नवरा चिंतू वाडीच्या टोकाला झोपडी बांधून राहत, बाबांची वाडी राखत. चिंतू बुधवारपासून चौकीत होता.

"त्या हवालदाराला तू काय तरी सांग."

"काय सांगू?"

"चिंतूनं नाय केला ता. उद्या त्याला कोर्टात उभा करणार. एकदा आत गेला, त आमाला कोण सोडवील?"

"झोपडीमागे तारेचं भेंडोळं सापडलं, मंगळी."

"आमच्या झोपडीत दिवा नाय, बटन नाय. इजेला तो एवढा भितो, मास्तर त्याला बल्ब बदलाया सांगत, त मी बदलायची. हा खाली उभा ऱ्हाऊन मलाच सांगणार, जपून, जपून."

हंसाला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. आतून सगळं बधिर होतं, दाढेचं इंजेक्शन दिल्यासारखं. पण दोन आणि एकोणीस हे मात्र कुठेतरी टोचत राहिलं.

"आज बोईसरला जाते," ती म्हणाली. "रोल धुवायला."

मंगळी पदर सावरत पायरी उतरली. तिला वाटलं असावं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

फाटकाशी दामूकाका भेटले. होडी किनाऱ्यावर ओढलेली, म्हणून श्रावणात ते घरीच असत.

"कुठं निघालीस, पोरी, पावसापान्याची?"

"बाबांचा रोल धुवायला."

"त्यात आता काय निघायचा? एकदा उघडल्यावर रोल कुठं ऱ्हातोय? बस आपली घरात. चार घास खा."

हंसा हसली, निदान ओठ तरी हलले, आणि रिक्षेत बसली.

बोईसरच्या झुंबरचा स्टुडिओ म्हणजे दीड खण. कारखान्यातल्या कामगारांचे ओळखपत्राचे फोटो काढून तो पोट भरायचा, आणि मास्तरांचे रोल हौसेने धुवायचा. दोन तासांनी तो अंधाऱ्या खोलीतून ओली पट्टी घेऊन बाहेर आला.

"ताई, हा रोल मध्येच कुणीतरी उघडलाय."

"मग फोटो गेले?"

"तीच तर गंमत. एकही गेला नाही. हे बघा. अठरा, एकोणीस, वीस. मग या तीन कोऱ्या चौकटी. मग आणखी एक फोटो. या कॅमेऱ्याचं पाठीमागचं झाकण मिटलं की तो नवा रोल समजून तीन चौकटी पुढे पळवतो आणि आकडा एकवर आणतो."

"आणि नंतर एक फोटो निघाला, म्हणून दोन."

"बरोबर."

"पण झाकण उघडल्यावर रोल जातो ना?"

"उजेडात उघडला तर. बॅटरी जरी मारली असती तरी गेला असता. हा मिट्ट काळोखात उघडला आणि काळोखातच मिटला."

"बाबांनी उघडला असेल?"

"रोल संपायच्या आत? मास्तर?" झुंबर हसायला गेला आणि थांबला. "मी एकदा नुसता लाल दिवा लवकर बंद केला, तर अर्धा तास झापलं होतं मला."

त्याने तीन फोटो छापून दिले. हंसा बाकावर बसून ते बघत राहिली. बाहेरून शिफ्टची बस गेली. दुसरी गेली. तिसऱ्या बसच्या वेळी तिने वही उघडली आणि श्रावणातले मागचे सोमवार पाहिले.

मग ती तडक चौकीत गेली.

हवालदार नागोराव सरळ माणूस होता. मास्तरांच्या घरी चहा प्यायलेला.

"तार कधी सापडली, नागोराव?"

"बुधवारी."

"मंगळवारी झोपडीमागे पाहिलं नव्हतं?"

"पाहिलं होतं. तेव्हा मामला हार्टफेलचाच वाटत होता. नीट पाहिलं नसेल. नडगीवर भाजल्याची खूण डॉक्टरांना संध्याकाळी दिसली."

"डॉक्टर काय म्हणाले हे गावात कुणाला कळलं?"

"संध्याकाळीच, सगळ्यांना."

"कॅमेऱ्याजवळ काय पडलं होतं?"

"बोंबील. सुके, अर्धे खाल्लेले. मास्तर आमिष ठेवायला गेले आणि चिंतूनं शिकारीसाठी ताणलेल्या तारेला लागले. वीज मास्तरांच्याच पंपावरून घेतली असणार."

"बाबांच्या पंपाचा फ्यूज ज्येष्ठापासून आमच्या कपाटात आहे. पावसाळ्यात कोण पाणी काढतं?"

नागोरावांनी पेन खाली ठेवलं.

"माझ्याबरोबर चला," हंसा म्हणाली. "दामूकाकांच्या ओटीवर."

दामूकाका जाळं सांधत बसले होते. नागोरावांना बघून ते उठले, पाट सरकवला, आत चहाची हाळी दिली. हंसाने पहिला फोटो त्यांच्यासमोर ठेवला.

"हा एकोणिसावा. काय दिसतं, काका?"

"कांडेचोर हाय. केळी खातंय."

"त्याच्या मागे?"

जाळ्याची सुई हातातच राहिली.

"एक बारीक चमकती रेघ आहे," हंसाच बोलली. आवाज तिचा तिलाच वाचून दाखवल्यासारखा सपाट वाटत होता. "वीतभर उंचीवर, बांबूच्या खुंट्यांवर. विहिरीला वळसा घालून ती पूर्वेला जाते. चिंतूची झोपडी पश्चिमेला आहे. पूर्वेला तुमच्या पंपाची खोली आहे."

"रेघ काय, पान्याची बी दिसते."

"हा विसावा. नुसता पांढरा झोत. कुणीतरी अगदी भिंगाजवळ होतं, त्यामुळे माणूस कळत नाही. पण कोपऱ्यात तारेचा वेढा आहे, गुंडाळताना हातातून सुटलेला. आणि हा शेवटचा. पुन्हा कांडेचोर. तार नाही, खुंट्या नाहीत. केळीही नाहीत. बोंबील आहेत."

"मास्तर तर रोजच बोंबील ठेवत," दामूकाका नागोरावांकडे बघत म्हणाले. "माझ्याकडचेच न्यायचे. सगळ्यांना म्हाईत हाय."

"रोज. श्रावणी सोमवार सोडून."

"मास्तर कधीपासून सोमवार पाळाया लागले? एकनाथ मासळीशिवाय जेवला नाय कधी!"

"आई पाळायची. ती गेल्यावर यंदा बाबांनी तिच्या वाटचे धरले. कुणाला सांगितलं नाही, मला सुद्धा नाही. वहीत आहे: सोमवारी घरात मासळी नाही, आमिषाला केळी. केळी चिंतू आणून द्यायचा. म्हणजे बोंबील चिंतूने ठेवले नाहीत, बाबांनीही नाहीत. ज्याला सोमवारचं ठाऊक नव्हतं, त्याने ठेवले. म्हातारा आमिष ठेवायला आला आणि छातीत कळ येऊन पडला, असं दिसावं म्हणून. मंगळवारी संध्याकाळी डॉक्टरांना खूण दिसली तेव्हा ते पुरेना, म्हणून रातोरात तार झोपडीमागे गेली."

"पोरी, तू शिकलेली हाईस, काय बी जुळवशील. माझा नाव कुठं हाय त्यात?"

"सकाळी फाटकाशी तुम्ही म्हणालात, एकदा उघडल्यावर रोल कुठं राहतो."

"म्हटला असेन."

"मी तर फक्त रोल धुवायला चालले होते. कॅमेरा उघडला होता हे मला ठाऊक नव्हतं. मंगळीला नव्हतं. झुंबरने पट्टी बघून सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कळलं. तुम्हाला आधी कसं कळलं?"

आतून चहाचा वास येत होता.

"तार गुंडाळताना तुमचा पाय दोरीला लागला," हंसा म्हणाली. "फ्लॅश उडाला. आपण फोटोत आलो हे तुम्हाला कळलं. बाबा प्रत्येकाला ओरडायचे, झाकण उघडू नका, सगळे फोटो जातील. का जातात, ते कधी कुणी विचारलं नाही. तुम्ही झाकण उघडलंत आणि मिटलंत. कुणी बघेल म्हणून बॅटरी सुद्धा लावली नाहीत. आत उजेड शिरलाच नाही."

दामूकाकांनी जाळं मांडीवरून खाली ठेवलं. सावकाश, गाठ सुटू नये असं.

"साळिंदरासाठी ताणली व्हती," ते म्हणाले. "चाळीस रोपं खाल्ली त्यानं माझी. एकनाथला म्हटला मारू दे, तो म्हणायचा, आधी बघू, आधी बघू. त्यानंच तर फोटो दिला, वाट दाखवली. त्या रात्री पाऊस थांबला, फ्लॅश उडाला, आनि हा अनवाणी बाहेर आला बघाया. लहान पोरासारा."

"चिंतूचा काय संबंध?"

"त्याला कोण इचारतो, असा वाटला."

नागोराव उठून उभे राहिले. हंसाने हात वर करून त्यांना थांबवलं.

"वीज बंद केल्यावर बाबा जिवंत होते?"

दामूकाकांनी सुई जाळ्यात खोचली.

"काका."

"नाय म्हाईत. मी जवळ गेलोच नाय. आधी तार काढली."

तीन फोटोंतून हंसाने सगळं वाचलं होतं. एवढंच त्यात नव्हतं. ती उठली, पायऱ्या उतरली. चहा घेऊन आलेली दामूकाकांची बायको, साखरकाकू, दारातच थिजली. तीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं होतं. हंसाने तिच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी चिंतू सुटून आला. एक डोळा सुजलेला. झोपडीत गेला नाही, मंगळीशी बोलला नाही. सरळ हंसाच्या दारात येऊन उकिडवा बसला.

"मास्तरला कुठं जाळला?"

हंसा त्याला घेऊन किनाऱ्यावर गेली. उधाणाच्या भरतीने जागा धुऊन नेली होती. ओल्या वाळूत दोन जळके ओंडके तेवढे होते. चिंतूने वाकून एका ओंडक्याला हात लावला.

"माणसां हुती?"

"पुष्कळ. सगळी शाळा आली होती."

"खांद्याला फुडं कोन हुता?"

हंसाने समुद्राकडे पाहिलं. खोटं सांगता आलं असतं.

"दामूकाका," ती म्हणाली.

चिंतू खाली बसला. मूठभर वाळू घेतली आणि बोटांतून गळू दिली.

"मला सोडला असता," तो म्हणाला, "त फुडला खांदा मी धरला असता."

तेव्हा, चार दिवसांनी, हंसाला रडू आलं.