महाळुंग्याला मोटार थांबत नाही

तळेगावहून चाकणला जाणारी सकाळची मोटार महाळुंग्याला येईपर्यंत खच्चून भरायची आणि धुरळा उडवत तशीच पुढं निघून जायची. दुसरी थेट दुपारी. छप्पन सालच्या त्या हिवाळ्यात गुलशन चाकणच्या शाळेत मॅट्रिकला होती, आणि अब्बांनी बजावलं होतं, “आता एकदा जरी फाट्यावरनं माघारी आलीस, तर दप्तर खुंटीला!”

म्हणून त्या सकाळी मोटारीची घरघर ऐकू येताच ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

भैरू ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. नवा कंडक्टर उडी टाकून खाली आला. कुरळे केस, कलती टोपी, डोळ्यांत जाळ.

“मरायचंय का?”

“न्हाई. शिकायचंय.”

डोळ्यांतला जाळ जरा मंदावला. “अहो, आत पाय ठेवायला जागा नाही.”

“मग तुमी उतरा. तुमचे दोन पाय हायेत की तिथं!”

अख्खी मोटार हसली. कंडक्टरनं, जहीर त्याचं नाव, मुकाट्यानं तिला आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः दाराला लटकला. चाकणला ती उतरताना हळूच म्हणाला, “उद्या कडेला उभ्या राहा... मी थांबवीन.”

आणि तो थांबवायचा. तिचं तिकीट मात्र सगळ्यांच्या शेवटी फाडायचा.

“माझंच शेवटी का?”

“शेवटचं फाडलं, की मग दुसरीकडं जावं लागत नाही...”

गुलशन खिडकीबाहेरच्या कांद्याच्या वाफ्यांकडं बघत राहायची. कानशिलं मात्र तापायची.

परीक्षा तोंडावर आली आणि मोटारच बंद झाली. गाड्या कमी पडतात म्हणून ती दुसऱ्या रस्त्याला वळवली. एवढ्या लांब पोरीला एकटीला चालत कोण धाडणार? दप्तर खुंटीला गेलं. गुलशन चुलीपुढं बसून डोळे पुसायची आणि धुरावर ढकलायची.

जुम्म्याच्या दुपारी जहीर दारात उभा. हातात स्वतःची सायकल.

“चाचा, परीक्षा होईपर्यंत ही ठेवा.”

“पोरीची जात, सायकलीवर?” अब्बा ताडकन उठले. “गाव काय म्हणंल?”

उंबऱ्यातून अम्मी, नूरबी, बोलली, “म्हणू द्या. गाव मोटार आणून देतंय व्हय?”

अब्बांनी सायकल भिंतीला टेकवून ठेवली.

अम्मीच्या देखत खळ्यावर शिकवणी सुरू झाली. गुलशन पडली, गुडघे फुटले, पुन्हा चढली. जहीर सीट धरून मागं धावत होता.

“सोडा आता! जमतंय मला.”

“जमतंय हो...” तो धापा टाकत म्हणाला, “मलाच सोडवत नाही.”

परीक्षा झाली. शेवटचा पेपर देऊन ती चाकणच्या बाजारातून निघाली, तर भैरू भेटला. “सायकल बरी चालतीया ना, बाई? मोटार बंद झाली तवाच जहीरची बदली झाली खेडला. बिचारा हितनं भल्या पहाटे चालत जातोय. लॉरी गावली तर गावली.”

गुलशननं सायकल खेडच्या रस्त्याला वळवली.

उन्हं कलली होती. चिंचेच्या सावलीतून तो येताना दिसला, धुळीनं गुडघ्यापर्यंत माखलेला. ती समोर जाऊन उतरली.

“सांगितलं का न्हाई?”

“सांगितलं असतं, तर घेतली असती?”

“न्हाई.”

“म्हणून.”

कांद्याची एक बैलगाडी घुंगरं वाजवत निघून गेली. दोघंही तिच्याकडंच बघत राहिले.

“गुलशन... मी अब्बांना भेटायला येऊ का?”

“कशापायी?”

“ते... सायकलीचं...” त्याचा धीर सुटला.

“सायकलीचं बोलायला आलात, तर अब्बा चहा पाजून वाटंला लावतील.”

जहीरनं टोपी काढली, पुन्हा घातली. “मग तुमच्याबद्दल बोलतो. पण आधी... तुमची मर्जी?”

“मला पुढं शिकायचंय. मास्तरीण व्हायचंय.”

“व्हा की. मी कोण अडवणार? मोटारीपुढं उभं राहणारी बाई तुम्ही!”

ती हसली. मग एकदम गंभीर होऊन, हँडल घट्ट धरून म्हणाली, “या. आईलाबी आणा संगं.”

चाकणपर्यंत ते चालतच आले. मधे सायकल होती, पण तिच्यावर बसायची घाई दोघांपैकी कुणालाच नव्हती.