मधल्या सीटचा बेल्ट

आधीच सांगते, ही इकडून तिकडून फॉरवर्ड होत आलेली गोष्ट नाहीये.

माझ्या सख्ख्या चुलतभावाच्या घरात घडलंय हे. वहिनीने मला स्वतः सांगितलं, शेजारी बसवून, माझा हात धरून.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. शनिवार. दुपारचे साडेचार. लख्ख ऊन.

म्हणून तर मला जास्त भीती वाटते.

आता वहिनी कशी आहे, ते ऐका. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. कुणी म्हणालं की मला भूत दिसलं, तर ती आधी त्याला खुर्चीत बसवून सगळ्यात खालची ओळ वाचायला लावेल. अशी बाई.

त्यांची जुनी गाडी म्हणजे काकांचा जीव की प्राण. सात सीटची, भलीमोठी, चौदा वर्षांची. घरात तिला सगळे रणगाडा म्हणायचे. पुढे काका आणि दादा. मधल्या रांगेत काकू आणि वहिनी. आणि पार मागे दोन सीट, त्यातल्या उजवीकडच्या सीटवर चिमणी. म्हणजे त्यांची मुलगी, सात वर्षांची.

डावीकडची सीट रिकामी.

मधे एवढी जागा असून चिमणी मागेच बसायची. कितीही ओरडा, ऐकायची नाही.

वहिनीला ते अजिबात आवडायचं नाही. मागून कुणी ठोकलं तर पहिला मार पोरीलाच. त्यामुळे जेव्हा क्लच गेला, एसी गेला आणि शेवटी मेकॅनिकनेही हात टेकले, तेव्हा वहिनीने जाहीर केलं, "आता पाच सीटची घ्यायची. चिमणी माझ्या शेजारी बसेल."

काका म्हणाले, "पाचची गाडी म्हणजे मापात शिवलेली पँट. जरा पोट सुटलं की संपलं."

"मग पोट कमी करा," काकू म्हणाली.

दादाचं काय, तो बायकोकडे बघून मान डोलवायचा आणि बापाकडे बघूनही डोलवायचा.

तर त्या शनिवारी तीन वाजता रणगाडा तपासायला एक माणूस घरी आला. जुनी गाडी देऊन नवी घ्यायची होती ना, म्हणून. त्याने टायर बघितले, बॉनेट उघडलं, खाली वाकून गंज बघितला. मग मागचं दार उघडून आत शिरला.

आणि बराच वेळ बाहेरच आला नाही...

वहिनी डोकावली. तो डावीकडची सीट हाताने दाबून बघत होता.

"ताई, इथे कोण बसतं?"

"कुणी नाही. मुलगी उजवीकडे बसते."

"ती सीट तर नव्यासारखी आहे. ही बघा, पार दबलीय. बेल्टचेसुद्धा धागे निघालेत."

"अहो, तिथे कुणीच बसत नाही. कधीच."

तो हसला. "दिवसाला सहा गाड्या बघतो मी, ताई. मोठं माणूस बसतं इथे. नेहमी."

मग त्याने सीटच्या एका कडेवर बोट टेकवलं.

"आणि सरळ नाही बसत... या बाजूला रेलून बसतं."

उजव्या बाजूला.

चिमणीच्या बाजूला.

वहिनीने कुणाला काही सांगितलं नाही. जुनी गाडी, फोम खराब झाला असेल. स्वतःची अशी समजूत घातली आणि सगळ्यांबरोबर शोरूमला गेली.

तिथे पाच सीटची पांढरी गाडी तयारच होती. काका चालवायला बसले, शेजारी सेल्सवाला. मागे डाव्या खिडकीशी वहिनी, उजव्या खिडकीशी चिमणी. दादा आणि काकू आत सोफ्यावर थांबले.

काकांची एक सवय आहे. गाडी सुरू करताना मागे न बघता विचारायचं, "बसले का सगळे?" मागून कुणीतरी "हो" म्हणतं. मग गाडी हलते. वर्षानुवर्षं हेच.

त्या दिवशीही त्यांनी विचारलं.

"हो."

गाडी निघाली. आणि...

टिंग. टिंग. टिंग.

"मॅडम, बेल्ट," सेल्सवाला म्हणाला.

"लावलाय."

"छोट्या मॅडमचा?"

"तिचाही लावलाय."

"मग मधल्यांचा राहिलाय," तो समोरच्या स्क्रीनकडे बघत म्हणाला. स्क्रीनवर मागच्या तीन सीटचं चित्र होतं. मधली लाल.

मग त्याने मागे वळून बघितलं.

मधे कुणीच नव्हतं. पर्स नाही, पिशवी नाही. काही नाही.

"सेन्सर जरा नाजूक असतो," तो म्हणाला. पण सिग्नल लागल्यावर त्याने हात लांब करून त्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावला. टिंगटिंग थांबलं. त्यानंतर तो एक अक्षर बोलला नाही. सेल्सवाला, आणि गप्प.

वहिनीने वाकून चिमणीला हळूच विचारलं, "मघाशी हो कोण म्हणालं गं? तू?"

चिमणीने तोंडातली ज्यूसची नळी काढली. "मी कधी म्हणते? आजीच म्हणते ना नेहमी."

आजी शोरूममध्ये सोफ्यावर बसली होती...

परत आल्या आल्या वहिनीने काकूला बाजूला घेतलं. "आई, बाबा विचारतात तेव्हा हो तुम्ही म्हणता ना?"

"मी? मला वाटायचं तू म्हणतेस," काकू म्हणाली. आणि माहितीपत्रक उघडून वाचायला लागली.

वाचायचा चष्मा डोळ्यांवर नसताना.

वहिनीने तिथेच ठरवलं. पाचची नको. पाचच्या गाडीत ते जे काही आहे, ते पोरीला चिकटूनच बसणार. सातची घ्यायची. चिमणीला मधल्या रांगेत दोघींच्या मधे बसवायचं. आणि मागची रांग... त्याला सोडून द्यायची.

काकांना वाटलं आपणच जिंकलो. "बघ, शेवटी अनुभव बोलतो," ते दादाला म्हणाले. दादाने मान डोलवली.

तीन आठवड्यांनी गाडी मिळाली. सकाळी अकराची वेळ. फोटो झाले, किल्ली हातात आली. वहिनी आधी मागे गेली आणि शेवटच्या दोन्ही रिकाम्या सीटचे बेल्ट तिने स्वतः लावले. ओढून बघितले. मग मधल्या रांगेत बसली. डावीकडे काकू, उजवीकडे ती, मधे चिमणी. चिमणी रुसली होती, पण वहिनीने तिचा हात सोडला नाही.

"बसले का सगळे?"

कुणीच काही बोललं नाही.

काका थांबले. आरशात बघितलं. "अरे, बसले का?"

"हो बाबा, बसलो. चला," वहिनी म्हणाली. तिला इतकं हलकं वाटलं की रडूच आलं. सुटलो. जे होतं ते जुन्या गाडीबरोबर गेलं.

पंधरा मिनिटं काहीच नाही. नव्या गाडीचा वास, दादाची गाण्यांची शोधाशोध.

मग मागून...

खट्.

बेल्ट सोडला की येतो ना, तोच आवाज.

टिंग. टिंग. टिंग.

स्क्रीनवर शेवटच्या रांगेतली डावी सीट लाल.

"नीट लागला नसेल गं तो," दादा म्हणाला.

वहिनीने मागे बघितलं नाही.

आणि टिंगटिंग आपोआप थांबलं...

म्हणजे त्या सीटवर आता वजन नव्हतं.

वहिनीने चिमणीला जवळ ओढायला हात पुढे केला. गरजच पडली नाही. चिमणी आधीच तिच्याकडे सरकत होती. घाबरून नाही. बसमध्ये शेजारी कुणी येऊन उभं राहिलं की आपण सरकतो ना, जागा करून देतो...

तशी.

आणि पलीकडे काकूही खिडकीकडे सरकली. बाहेर बघत.

काकू आणि चिमणीच्या मधे हातभर जागा झाली. ती तशीच राहिली, घर येईपर्यंत. गाडी थांबवा, एवढंच म्हणायचं होतं वहिनीला. पण तिने फक्त चिमणीचा हात आणखी घट्ट धरला.

घरी गेल्यावर तिने काकूला विचारलं. काकू म्हणाली, "मी कुठे सरकले?"

झाले याला दोन महिने. काका खूश आहेत. दादा खूश आहे. वहिनी मात्र चिमणीला घेऊन बसनेच फिरते. कुणी विचारलं तर म्हणते, पार्किंग मिळत नाही. खरं कारण तिने फक्त मला सांगितलंय.

आज सकाळी दादाचा फोन आला. रविवारी सगळे जेवायला बाहेर चाललेत. वहिनीला आणि चिमणीलाही त्याने कसंबसं तयार केलंय. म्हणाला, "तुलापण घ्यायला येतो. मागे एक जागा आहे की."

मी बरं म्हणून फोन ठेवला. आणि मग लक्षात आलं...

मागे सीट दोन आहेत.

आणि दादाला यातलं कुणीच काही सांगितलेलं नाहीये.