चिमटा

भाऊ बिशोय गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी दमियाना त्याची घोंगडी आणायला छातीच्या इस्पितळात गेली. संध्याकाळी अबूना, त्यांचे पाद्रीबाबा, घरी येणार होते. तिसऱ्या दिवशी पाद्रीबाबांनी प्रार्थना करून, पाणी शिंपडून जिवाला निरोप द्यायचा, ही इजिप्तमधल्या असयूतच्या ख्रिस्ती घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. घोंगडी गरिबाला देऊन टाकायची, असं आईनं बजावलं होतं.

बाहेर वाळवंटातून खमसीनचा धुळकट वारा सुटला होता. भर दुपारी वॉर्डात पिवळा अंधार. धुळीचा आणि फिनेलचा वास. दमियाना याच वॉर्डात नर्स होती, तरी आज उंबऱ्यापाशी थबकली.

दारात सफाईवाली फौकिया उभी होती. "बरं झालं आलीस, पोरी. बिशोयची बाटली कुणी उचलेना."

"का?"

"तूच बघ की. माझी छाती नाही होत बाई..."

बिशोयला आठ महिने ताप होता. सुईनं बरगड्यांमधून पू काढला, आतल्या पापुद्र्याचा तुकडा तपासला, तेव्हा क्षय निघाला. फुप्फुसावर संत्र्याच्या सालीसारखं जाड कवच धरलं होतं. डॉक्टर तलअतनी छाती उघडून ते सोललं, नळी घातली, नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवलं. फुप्फुस अजून गळत होतं. "या नळीला चिमटा लावायचा नाही," त्यांनी दहादा सांगितलं होतं, "हवा कोंडून मरेल तो."

एक्स-रेला नेताना बाटली कलंडेल म्हणून दमियानानंच चिमटा लावला. जुनी सवय! परत आल्यावर दुसऱ्या पेशंटनं हाक मारली, आणि चिमटा काढायचं ती विसरली. अर्ध्या तासानं बिशोय गेला. सगळे म्हणाले, आयुष्याची दोरीच तेवढी होती. तिनं मान डोलावली होती.

खाट रिकामी होती. नळीचं एक टोक उघड्या गादीवर पडलं होतं, मध्ये चिमटा घट्ट बंद. आणि बाटलीतल्या काचेच्या नळीत पाणी चढत होतं... उतरत होतं... माणसाच्या श्वासासारखं.

"त्याला काय हवंय गं?" फौकिया पुटपुटली.

दमियानाला ठाऊक होतं. हात पुढे गेलाही. पण फौकियाची नजर तिच्या बोटांवर होती. चिमटा काढला की विचारणार, कुणी लावला होता? तिनं हात मागे घेतला, घोंगडी उचलली आणि चालती झाली. पाण्याचा आवाज जिन्यापर्यंत येत राहिला. तिला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी अबूनांनी प्रार्थना केली, कोपऱ्याकोपऱ्यात पाणी शिंपडलं. आई डोळे पुसत म्हणाली, "सुटला ना गं माझा लेक?"

"सुटला, आई."

आईनं दान द्यायला घोंगडी उलगडली. काहीतरी खण्णकन फरशीवर पडलं.

"हे काय गं? दवाखान्यातलं दिसतंय... बंद का आहे?"

दमियाना खाली बसली. चिमटा अंगातल्या तापासारखा गरम होता. ती दोन्ही हातांनी जोर लावू लागली. नखं तुटली, बोटांतून रक्त आलं, पण चिमटा उघडेना.